किती पालख्या गेल्या

पुणे, ८ मार्च १९८६

तीर्थरूप अण्णा,

खाटेवर बसूनच तुम्हाला आणि आईला नमस्कार करते.

काळजी करू नका. काल वॉर्डाच्या दारापर्यंत चालत गेले. एका हातानं भिंत धरली होती, एवढंच. विहिरीला पाणी टिकलंय का? आईला हंडे उचलू देऊ नका.

माझ्या आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू-मणक्यातल्या नसांचा आजार. डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कोणाला? मी म्हटलं, कोणालाच नाही. दोन दिवसांनी पुतळाआत्या आठवली. तिचे पाय खंडोबाचा नवस राहिला म्हणून गेले, असंच आपण म्हणत आलो. तो आजार असेल, हे कधी मनातच आलं नाही.

डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, "वनमालाबाई, आत्यांना हेच होतं की नाही, आता कसं सांगणार? असलं, तरी तुमचेही पाय तसेच जातील असं नाही. आजार किती जोर धरतो ते रक्ताच्या नात्यावर असतं का, हे अजून कोणालाच ठाऊक नाही."

यात मला बरं वाटावं की वाईट, तेच कळेना. नवस निदान फेडता तरी येतो.

त्यांनी आत्याच्या आजाराच्या तारखा मागितल्यात. आपल्याकडं तारखा कोण लिहून ठेवतं? पण खंडोबा अणदूरहून नळदुर्गाला निघाला की आत्या दरवर्षी पालखीबरोबर चालायची. ती पहिल्यांदा वाटेत पडली, तिथपासून अंथरुणाला खिळेपर्यंत किती पालख्या गेल्या? आईला विचारून मोजा.

मला धीर यावा म्हणून एकही वाढवू नका.

तुमची लेक,
वनमाला