बाईंचा राजीनामा

सूनबाई,

दुपारी शेजारणीबरोबर तो शाळेच्या फुटबॉल टीमचा आणि त्यांच्या सरांचा सिनेमा पाहिला. टाळ्या वाजवून हात लाल झाले! मागच्या रांगेत तुझ्या टीमच्या मुली होत्या. मला ओळखून एक म्हणाली, "आजी, आमच्या बाई या सरांपेक्षा भारी आहेत. पण त्या टीम सोडणार म्हणे?"

मला तोंड वर करवेना. टोमणे मारून मारून तुला इथवर मीच आणलं.

टेबलावरचा तुझा राजीनामा फाडलाय. हवं तर रागव, पण परत लिहू नकोस. जेवण झाकून ठेवलंय, खाऊन लगेच सरावाला मैदानावर ये. मी पुढे गेलेय. उद्याच्या सामन्यात पोरींना आरडाओरडा करणारं हक्काचं माणूस हवंय, आणि माझा आवाज तुला ठाऊकच आहे.

— तुझी सासू