यादीत नसलेलं गाव

सिंगापूर, ५ सप्टेंबर २०२५

ती. दादास,
अनघाचा सा. न.

हे पत्र तुझ्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवते आहे. विमानात वहिनीला डुलकी लागली की वाच. आपल्या घरात आलेलं पत्र मोठ्यानं वाचतात, एकट्यानं वाचायचं पत्र कुणी लिहीत नाही. हा नियम मी आज पहिल्यांदा मोडते आहे.

डॉक्टर काय म्हणाले ते पुन्हा लिहिते, कारण MRT मेट्रोनं घरी पोचेपर्यंत तू त्यातलं निम्मं गाळून टाकलंस. काचबिंदूनं तुझ्या दोन्ही डोळ्यांच्या कडा गेल्या आहेत. समोरचं बारीक अक्षर तुला माझ्यापेक्षा चांगलं दिसतं, पण बाजूनं येणारा माणूस दिसत नाही. गाडी चालवायची नाही, आजपासूनच, असं त्यांनी दोनदा सांगितलं. तू म्हणालास की वीस दिवसांचा तर प्रश्न, सुलेखाला पुण्याला परतल्यावर सांगू. मला शपथ घातलीस. लिटिल इंडियात खरेदीला गेलो होतो असं वहिनीला वाटावं म्हणून आपण पेढ्यांचा डबा घेऊन परतलो.

मला शंका पुलाउ उबीन बेटावर आली. गार्गी तुझ्या शेजारून सायकल चालवत होती आणि तू वळताना सरळ तिच्या अंगावर गेलास. मामा साइडला बघतच नाही lah, असं इथल्या ढंगात म्हणून ती हसत सुटली. मी हसले नाही.

पुण्यात तीस वर्षं तू मुलांना फ्रेंच शिकवलंस, न पाहिलेली गावं फळ्यावर काढून दाखवलीस. ती गावं डोळ्यांदेखत बघायची तुझी ओढ मला कळते, म्हणून तर शपथ घेतली. पण फ्रान्समध्ये भाड्याची गाडी ताब्यात घेण्याआधी वहिनीला सांग. आगगाडीनं जा, बसनं जा, चार गावं कमी बघा. सांगितलंस की पत्रात ‘पेढे दिले’ एवढंच लिही, मी समजेन. हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे की स्वतः मोकळी होण्यासाठी, असं मघाशी रोजनिशीत स्वतःला विचारलं.

रागावलास तरी माया कमी करू नकोस.

तुझी,
अनघा

~

कोलाँज-ला-रूज, १० सप्टेंबर

चि. सौ. अनघास,
अनेक आशीर्वाद.

ठरल्याप्रमाणे मी कागदावर लिहितो आणि सुलेखा त्याचा फोटो काढून तुला पाठवते. तूही तसंच कर. फोनवर बोललेलं हवेत जातं, कागद राहतो.

हे गाव अख्खं लाल दगडाचं आहे. भिंती लाल, मनोरे लाल. सरळ गल्लीच्या टोकाला चर्चचा मनोरा असा उभा की वाटावं, आपल्याचसाठी थांबलाय. काल बेकरीतल्या बाईंशी मी माझ्या परीनं शुद्ध फ्रेंचमध्ये बोललो. त्यांनी अदबीनं विचारलं की तुम्ही धर्मगुरू आहात का. सुलेखाला भाषांतर करून सांगितलं तर दुपारपर्यंत हसत होती.

गाडी छोटी, पांढरी आहे. उजवीकडून चालवायची सवय झाली. सुलेखा शेजारी बसून एस.टी.च्या कंडक्टरसारखी पुकारा करते: ट्रॅक्टर आला, आजीबाई आल्या, पूल आला. मी तिला म्हटलं, तू नसतीस तर ही गावं मला अर्धीच दिसली असती.

तुझे पेढे अजून द्यायचे राहिलेत. चांगलीशी वेळ बघून देतो. प्रबोधरावांना नमस्कार, गार्गीला पापा.

आहे तो लोभ जपावा.

निशिकांत

~

सिंगापूर, १२ सप्टेंबर

ती. दादा आणि सौ. वहिनीस,
अनघाचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. रात्री जेवताना मोठ्यानं वाचलं. धर्मगुरूवर प्रबोध खूप हसला, आणि गार्गीनं मामाचा नवा फोटो मागितलाय, झग्यातला.

आमच्या हार्बरफ्रंटच्या ऑफिसच्या खिडकीतून फेरीबोटी धक्क्याला लागताना दिसतात. आज जेवणाच्या सुट्टीत बघत बसले. कडेला दोर घेऊन माणूस उभा असल्याशिवाय कप्तान बोट आत घेत नाही. वीस वर्षांचा अनुभव असला तरी घेत नाही.

दादा, एक विचारू? तुझ्या गावांना एकच गल्ली कशी, आणि तीही सरळच कशी? डावीउजवीकडे फ्रान्समध्ये काहीच नाही का? चेष्टेनं विचारते आहे. खरं म्हणजे अगदी चेष्टेनं नाही.

पेढे टिकत नाहीत. मिळेल त्या दिवशी देऊन टाक. वहिनी, तू दमत नाहीस ना?

तुमचा लोभ मला रोज लागतो, तो असू द्यावा.

अनघा

~

सँ-सिर्क-लापोपी, १५ सप्टेंबर

चि. सौ. अनघास,
अनेक आशीर्वाद.

कड्याच्या टोकावर घरटं करावं तसं हे गाव नदीवर बसलंय. खाली लोत नदी, तिचं वळण सुलेखानं मला हाताला धरून दाखवलं. ती म्हणते, छपरं तपकिरी आहेत आणि प्रत्येक दारात वेल चढवलाय. तिचे डोळे असे कामी येतायत. तू चेष्टा केलीस म्हणून दोन्ही बाजूंचं तिच्याकडून विचारून लिहिलं.

काल वाटेत एका बारक्या गावात रस्ता इतका अरुंद की घरांना खांदे घासावेत. नावाची पाटी माझ्या लक्षात आली नाही, आपण बघायच्या ठरवलेल्या गावांच्या यादीतही ते नव्हतं. तिथं कुणाची तरी कुंडी गाडीच्या आरशाला लागली. आवाज जरा मोठा झाला. मी थांबणार होतो, पण सुलेखा म्हणाली, कुंडीच होती, चला. आरसा नुसता वाकलाय. ही फ्रेंच मंडळी कुंड्या थेट रस्त्यात ठेवतात.

सुलेखा कालपासून गप्प आहे. चढउतारानं दमली असेल. पुकारा मात्र चालू आहे, जरा जास्तच. पुढे डोंगरातली वाट आहे, कॉन्कला जायची. पेढ्यांचं म्हणशील तर आता पुण्यातच.

लोभ आहे तसाच असावा.

निशिकांत

~

सिंगापूर, १६ सप्टेंबर

ती. दादा आणि सौ. वहिनीस,
अनघाचा सा. न.

हे पत्र तुम्ही न्याहारीला वाचाल. नेहमीप्रमाणे वहिनी मोठ्यानं वाचेल आणि दादा ऐकेल. म्हणूनच ते तुम्हा दोघांना लिहिते आहे. एकट्या वहिनीला लिहिलं तर शपथ मोडते. एकट्या दादाला लिहून झालं, उपयोग झाला नाही. ही पळवाट आहे हे मला कळतं.

दादा, कुंडी कुठल्या बाजूला होती? वहिनीच्याच बाजूला ना? तुला ती दिसली होती का, की फक्त आवाज आला?

वहिनी, वाचताना थांबू नकोस. सिंगापूरहून निघण्याआधी आम्ही खरेदीला गेलो नव्हतो. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. दादाला समोरचं दिसतं, कडेचं दिसत नाही, आणि ते परत येणार नाही. गाडी चालवायला त्यांनी साफ मनाई केली होती. हे मला अकरा दिवस माहीत आहे. अकरा दिवस मी तुला त्या गाडीत बसू दिलं, आणि त्या रस्त्यांवर चालणाऱ्या, मला माहीतही नसलेल्या माणसांना चालू दिलं. भावाला दिलेला शब्द पाळते आहे, असं स्वतःला सांगत राहिले. आज वाटतं, त्याच्या रागाला भीत होते.

कॉन्कला जाऊ नका. किल्ली आज टेबलावर ठेवा.

लोभाचं काय मागू?

अनघा

~

सँ-सिर्क-लापोपी, १७ सप्टेंबर

चि. अनघास,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचायला घेतलं. कुंडी कुठल्या बाजूला, इथवर आले आणि थांबले. ह्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि पुढचं सगळं स्वतः वाचलं, मोठ्यानं, एक अक्षर न चुकता. अगदी किल्लीपर्यंत. मग किल्ली काढून बशीत ठेवली.

डॉक्टरांचं मला माहीत नव्हतं. वय झालं, लक्ष कमी झालं, असं समजून मी पुकारा करत होते. पण तू सगळा दोष एकटीकडे घेऊ नकोस. माझंही ऐक.

ती कुंडी नव्हती. सायकल होती. एक म्हातारे गृहस्थ कडेनं सायकल हातात धरून चालले होते. मला ते दिसले, मी हाक मारायला तोंड उघडलं, आणि उशीर झाला. काय लागलं, असं ह्यांनी विचारलं. ह्यांचा चेहरा बघून माझ्या तोंडातून कुंडी निघालं. वाकलेल्या आरशातून मी मागे पाहिलं. ते रस्त्यावर बसले होते आणि एक हात वर केला होता. मला लागलं नाही म्हणून केला, की थांबा म्हणून केला, हे मला तीन दिवस कळत नाही. आम्ही थांबलो नाही.

हे मी आत्ता, न्याहारीच्या टेबलावरच, ह्यांना सांगितलं. ह्यांनी चहाचा कप बाजूला सारला. मग एवढंच म्हणाले, “सुलेखा, तो हात तुला दिसला. मला तोही दिसला नाही.”

आता कुणी कुणाला सांभाळायला खोटं बोलू नये, एवढंच मागते.

तुझी वहिनी

~

सँ-सिर्क-लापोपी, १८ सप्टेंबर

चि. सौ. अनघास,
आशीर्वाद.

रागावलेलो नाही. हे आधी लिहितो, कारण तू त्याचीच वाट बघत असशील.

गाडीवाले काल येऊन गाडी घेऊन गेले. वाकलेल्या आरशाचं कसं झालं ते मी त्यांना खरं सांगितलं. सुलेखानं नकाशावर बोट फिरवत ते गाव शोधून काढलं. चाळीस घरं असतील. तिथं बस फक्त गुरुवारी जाते, म्हणजे आज. आता बसस्टॉपवरच बसून लिहितो आहे.

काल कागदावर चार वाक्यं लिहिली. मी कोण, कधी गेलो, काय केलं, का थांबलो नाही. तीस वर्षं शिकवलेलं फ्रेंच त्या चार वाक्यांत संपलं. मग त्या गावच्या कचेरीत फोन केला. पहिलंच वाक्य वाचत होतो, तर पलीकडच्या बाईंनी मला थांबवून गाडीचा रंग विचारला. मी म्हणालो, पांढरा. पलीकडे कुणीतरी दार लावल्याचा आवाज आला. मग हळूच म्हणाल्या, या.

ते गृहस्थ कसे आहेत, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. धीर झाला नाही.

सुलेखा बसस्टॉपवर माझ्या डाव्या हाताला उभी आहे. तिचं म्हणणं, बस दिसायला लागली. मला अजून दिसत नाही. लोभ असावा, असं दर पत्राच्या शेवटी लिहितो. आज ती ओळ कोरी सोडतो.

निशिकांत