हप्ता तोच, वर्षं वाढली

बसवनगुडी, बेंगळुरू
११ फेब्रुवारी २०२६

तीर्थस्वरूप वासुदेवमामांच्या चरणी मल्हारचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे तूर्त कागदावरच).

तुमचा रक्तदाब आणि सत्यवतीमामींचे गुडघे, दोन्ही ताळ्यावर असल्याचं आईकडून कळलं. बरं वाटलं. फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही.

२०२१ च्या उन्हाळ्यात तुम्ही नागपूरहून मला गृहकर्ज समजावलंत, ते तुम्हाला आठवत असेल. तुम्ही एकतीस वर्षं बँकेत काढलेली, आणि मी पंपांच्या कारखान्यात गळती तपासणारा माणूस. तेव्हा व्याज होतं सहा पूर्णांक नऊ टक्के. बदलत्या दराचं कर्ज घे, दर आता खालीच जाणार, असं तुम्ही सांगितलंत आणि मी घेतलं. (माझा तुमच्यावर अजिबात राग नाही. सुनंदाचा आहे, पण तिनेही नमस्कार सांगितला आहे.) बोम्मसंद्र्याला कारखान्याजवळ फ्लॅट, पन्नास लाखांचं कर्ज, साडेअडतीस हजारांचा हप्ता, वीस वर्षं, म्हणजे एकसष्टाव्या वर्षी मी मोकळा. त्याआधी बसवनगुडीत नागराज यांच्या घरी आम्ही सोळा हजार भाडं भरत होतो. त्यांनी भाडं वाढवायचं म्हटलं, तेव्हा मी जरा ताठ मानेने सांगितलं की आता आम्ही स्वतःच्या घरात जाणार. नागराज म्हणाले, “सरी सार, संतोष,” म्हणजे ठीक आहे, आनंद आहे, आणि पुढच्या महिन्यात ते घर त्यांनी बावीस हजारांना दिलं.

पुढच्या वर्षी तेल महागलं, भाज्या महागल्या, आणि व्याजाचे दर चढायला लागले. भाज्यांचा आणि आपल्या घराचा काय संबंध, असं सिद्धीने विचारलं. (ती आता अकरा वर्षांची आहे आणि शाळेत सगळ्यालाच का म्हणून विचारते.) मी तिला तुमच्याच पद्धतीने समजावलं. भाज्या महागल्या की व्याज वाढवतात, म्हणजे लोकांच्या हातात पैसा उरत नाही, म्हणजे लोक भाज्या घेत नाहीत, म्हणजे भाज्या स्वस्त होतात. आमच्या घरात ही योजना लोक भाज्या घेत नाहीत इथपर्यंत तंतोतंत पार पडली. पण माझा हप्ता मात्र जागचा हलला नाही! कारखान्यात सगळे रडत होते आणि मी जेवणाच्या सुट्टीत त्यांना तुमच्या सल्ल्याचं कौतुक ऐकवत होतो. असं मी जवळजवळ तीन वर्षं केलं.

गेल्या वर्षी करासाठी कर्जाचा उतारा मागवला. शेवटच्या हप्त्याची तारीख २०५४ सालातली होती. मला वाटलं छपाईची चूक. सुनंदाने बोटांवर मोजलं आणि म्हणाली, “तुम्ही चौऱ्याहत्तर वर्षांचे असाल.” एवढं बोलून ती कुकर लावायला गेली. मामा, शिट्ट्या झाल्या तरी मी त्याच खुर्चीत होतो. अठ्ठावन्नाव्या वर्षी कारखाना मला हार घालून घरी पाठवणार आणि त्यानंतर सोळा वर्षं हप्ते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कर्ज देणाऱ्या कंपनीच्या शाखेत गेलो. (नाव लिहीत नाही, अजून अठ्ठावीस वर्षं त्यांच्याशी संबंध ठेवायचे आहेत.) तिथे चंदना नावाची अधिकारी होती, वयाने माझ्या भाचीएवढी, बोलायला फार गोड. दर नऊ टक्क्यांवर गेला होता, पण ग्राहकाला त्रास नको म्हणून कंपनीने हप्ता वाढवला नाही, फक्त वर्षं वाढवली, असं तिने सांगितलं. साडेअडतीसातले छत्तीस हजार व्याजाला जात होते. चार वर्षांत मी अठरा लाख भरले आणि मुद्दल तीन लाखांनीही कमी झालं नाही. हे कळवलं का नाही, असं विचारलं तर म्हणाली, एसएमएस पाठवला होता. तो सापडला. शर्टांच्या सेलच्या दोन जाहिरातींच्या मधोमध होता.

मग मी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. तिथे साडेसात टक्के लिहिलं होतं. चंदना म्हणाली, दर उतरलेत सार, पण ते नव्या ग्राहकांना; जुन्यांना स्वल्प थांबावं लागेल, नाहीतर दर बदलायची फी भरावी लागेल.

सुनंदाने विचारलं, “मग आम्ही नवीन कसं व्हायचं?”

“जुनं कर्ज फेडून, मॅडम.”

बाहेर पडताना चंदनाने हळूच सांगितलं की तिच्या वडिलांचंही कर्ज याच कंपनीत आहे, आणि त्यांनाही तिने अजून सांगितलेलं नाही. त्यामुळे मला तिच्यावर नीट चिडताही आलं नाही.

मग सुनंदाने निर्णय घेतला. फ्लॅट पुण्याच्या अभिराज आणि संयोगिता या आयटीतल्या जोडप्याला सत्तावीस हजारांना दिला, आणि आम्ही परत नागराज यांच्याकडे आलो. खालचं घर आता बत्तीसला आहे, म्हणून गच्चीवरच्या दोन खोल्यांत, चौदा हजारांना. नागराज एक शब्दही वावगा बोलले नाहीत. उलट कॉफी पाठवली.

आणि आता लाज वाटणारी गोष्ट. गेल्या महिन्यात अभिराजला फोन करून मी भाडं तीन हजारांनी वाढवलं. महागाई किती वाढली आहे, तुम्ही बघताच आहात, असं म्हणालो. तो बिचारा म्हणाला, “काका, आम्ही फ्लॅटच घ्यायचं म्हणतोय. लोन फ्लोटिंग घ्यावं का?” मी म्हणालो, घरातल्या कोणा अनुभवी माणसाला विचार.

मामींना नमस्कार. तब्येतीला जपा.

आपला आज्ञाधारक
मल्हार

ता. क. : दर चढले त्या वर्षी तुम्ही आनंदाने फोन केला होता की तुमच्या मुदत ठेवींना पावणेआठ टक्के मिळू लागले. ते आमच्यासारख्यांच्याच खिशातून येत होते, हे मी तेव्हा बोललो नाही. आता बोलतो. त्यातली दहा लाखांची ठेव मोडून मला द्या. आठ टक्के देईन, स्टँपपेपरवर. एवढं मुद्दल एकदम भरलं तर साठीच्या आसपास सुटेन. तुमचा आग्रह असेल तर सुनंदाचा वर लिहिलेला रागही खोडून टाकतो.

ता. क. २ : पत्र पाकिटात घालताना सुनंदाने वाचलं. ती म्हणते, एवढं लांबवायची गरज नव्हती. कर वाचवायला ती ठेव तुम्ही मामींच्या नावावर केली होती ना? मामींनी ती गेल्या मंगळवारीच मोडली आणि पैसे सुनंदाच्या खात्यात आलेसुद्धा. व्याजाचा दर दोघींनी फोनवर ठरवला आहे. तो मला कोणी सांगत नाही. तुम्हाला कळला तर कळवा.