मीठ बघणारी

अम्मी,

यंदा डॉक्टरांनी माझे रोजे बंद केले. साखर वाढली आहे आणि तिच्यासाठीच्या गोळ्याही. "दिवसभर पाण्याविना राहिलात तर पुढच्या वेळी स्ट्रेचरवरून याल मला भेटायला," असं त्या सरळ म्हणाल्या. पुण्याच्याच आहेत, त्यामुळे गोड बोलायचा प्रश्न नव्हता. मी हसले आणि रिक्षा करून घरी आले. आता दुपारी मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेते आणि उभ्याउभ्याच पोळीभाजी खाते. पलीकडच्या खोलीत तुझी नात हेडफोन लावून ऑफिसचं काम करत असते. तिचा रोजा असतो. माझ्या वाटीचा आवाज तिच्यापर्यंत जाऊ नये म्हणून मी ती ओट्यावर अलगद ठेवते. तिला काही वाटत नाही, हे मला माहीत आहे. मलाच आपल्या घरात पाहुण्यासारखं वाटतं.

घरात आपण आपली दखनी बोलायचो, पण लिहायचीस तू मराठीत. साताऱ्याकडच्या शाळेत गिरवलेली तुझी ती गोल अक्षरं. मला मात्र कॉन्व्हेंटमध्ये घातलंस आणि मग जन्मभर "आमच्या मिस आल्या" म्हणून चिडवलंस. म्हणून हे मराठीत लिहिते आहे. चुका काढू नकोस.

ज्याला आजारपणामुळे रोजे धरता येत नाहीत, त्याने प्रत्येक रोज्यामागे एका गरजवंताला जेवू घालायचं, हे तूच शिकवलंस. फिदिया म्हणायचीस. मी तुझ्या नातीला त्याबद्दल विचारलं, तर तिने मान वर न करता सांगितलं, "मम्मी, डोन्ट वरी, मी ॲपवरून भरून टाकते. दोन मिनिटांचं काम आहे." आणि खरंच भरून टाकलं. ज्यांना पोचायचं त्यांना ते पोचलंही असणार, त्यात माझी तक्रार नाही. पण दोन मिनिटांत माझा सगळा रमजान आटोपला, असं वाटून मी उगाचच कपाट आवरायला घेतलं.

त्या दिवसांत तुझं स्वयंपाकघर फार आठवत राहिलं. कॅम्पातल्या त्या दोन खोल्या, मागच्या बाजूची खिडकी, रॉकेलच्या स्टोव्हची घरघर. ऊन भिंतीवरून खाली उतरायला लागतं. तू पातळ खिचडीचं पातेलं उतरवतेस आणि गॅलरीत जाऊन हाक मारतेस, "काकू, जरा मीठ बघता का?" शेजारच्या काकू पदराला हात पुसत येतात. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा दूर नोकरीला, घरात त्या एकट्या. त्या मांस खात नाहीत, म्हणून खिचडी आधी करायची आणि खिमा त्यानंतर, हा तुझा नियम. खिडकीजवळच्या खिळ्याला त्यांचा चमचा वेगळा अडकवलेला. काकू फुंकर मारून चव घेतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "अहो भाभी, आज मिठानंही रोजा धरलाय वाटतं!" तू हसत चिमूटभर मीठ टाकतेस. त्या पुन्हा चमचा पुढे करतात. "अजून एक द्या. एका चमच्यात काय कळतंय?" मग स्टुलावर बसून गप्पा मारतात, थेट अजान होईपर्यंत. आपण खजूर तोंडात घालायचो आणि त्यांच्यासमोर खिचडीची ताटली असायची.

मला अरबी शिकवायला येणाऱ्या बाईंनी एकदा सांगितलं, की स्वयंपाक करणारीने जिभेच्या टोकावर चव बघून थुंकून टाकली तर रोजा मोडत नाही. केवढा मोठा शोध लागल्यासारखी मी तुझ्याकडे धावत आले. तू कांदा चिरत होतीस. "मला ठाऊक आहे," म्हणालीस.

"मग काकूंना रोज कशाला बोलावतेस?"

तू विळीवरून हात काढलास, आधी दाराकडे बघितलंस आणि मग माझ्याकडे. "मीठ मला वासावरून कळतं. त्यांना बोलवायला काहीतरी कारण नको? हे त्यांच्यापुढे बोललीस तर याद राख, मिस."

नंतर काकू गेल्या. मग तूही गेलीस. शहरात कंपन्या आल्या, मलाही त्यातल्याच एका ऑफिसात नोकरी लागली आणि आम्ही खराडीला फ्लॅट घेतला. तू असताना इथे ज्वारी होती. आता खिडकीतून काचेच्या इमारती दिसतात आणि इफ्तारच्या वेळेला खाली फाटकावर खाणं पोचवणाऱ्यांच्या दुचाक्यांची रांग लागते.

गेल्या रविवारी तुझ्या नातीने ऑफिसातले तिघे घरी आणले. दोन मुली, एक मुलगा, सगळ्यांचे रोजे. हॉलमध्ये त्यांची जोरात चर्चा चाललेली. आदल्या संध्याकाळी एका मोठ्या हॉटेलातल्या इफ्तारहून ती मुलं चिडून परतली होती.

"अरे, अर्ध्या प्लेट्स तशाच टाकल्या लोकांनी," एक मुलगी म्हणत होती. "दिवसभर भूक काय असते ते शिकायचं आणि संध्याकाळी डस्टबिन भरायचं? याला काय अर्थ आहे?"

"आणि आपण ऑर्डर करतो ना," तो मुलगा म्हणाला, "परवा जो पार्सल घेऊन आला, त्याचाही रोजा होता. लिफ्टमध्ये बाटलीतून पाणी पिऊन सोडला त्याने. मी थँक्यू म्हणालो आणि दार लावलं. लाज वाटली यार."

मग त्यांनी ठरवलं, की आजपासून रमजानच्या उरलेल्या सगळ्या रविवारी बाहेरून काही मागवायचं नाही. घरी मोठं पातेलंभर खिचडी करायची आणि फाटकाबाहेर टेबल टाकायचं. जो त्या वेळी कामावर असेल त्याने खावं, रोजा असो वा नसो. चौघांपैकी एकालाही एवढी खिचडी करता येत नव्हती. डाळ किती, पाणी किती, सगळं मोबाइलवर बघणं चाललेलं. मी माझ्या खोलीत बसून ऐकत होते. उठून जावंसं वाटत होतं, पण ज्याचा रोजा नाही त्याने मध्ये कशाला पडावं, असंही वाटत होतं.

तेवढ्यात हाक आली. "मम्मी, जरा ये ना! मीठ बघ."

मी गेले. तो मुलगा म्हणाला, "अगं, आंटींना कशाला त्रास? टंगवर ठेवून बघितलं तर चालतं, मी वाचलंय..."

"तू गप्प बस आणि कोथिंबीर निवड," तुझी नात त्याच्यावर डाफरली आणि चमचा माझ्या हातात दिला.

अम्मी, काकूंची गोष्ट मी तिला कधीच सांगितलेली नाही.

संध्याकाळी फाटकावर मीच डाव घेऊन उभी राहिले. दुचाकीवाले हेल्मेट काढून, संकोचत पुढे आले. आमचा वॉचमन लातूरकडचा. तो बराच वेळ लांबून बघत होता. मग जवळ येऊन म्हणाला, "मावशी, माझा काई रोजा नाई. चालंल का?"

"माझाही नाही," मी म्हणाले. "या, बसा." रोज दुपारी दाराआड लपवलेली गोष्ट अशी भर रस्त्यात तोंडातून निघून गेली आणि काहीच झालं नाही. त्याने खिचडी दोनदा घेतली.

हे पत्र कुठे पाठवणार? घडी करून मिठाच्या बरणीमागे ठेवून देईन. फक्त एक सांगायचं राहिलं. मीठ पहिल्याच चमच्यात बरोबर लागलं होतं. तरी मी डोळे मिटले, जरा वेळ घेतला आणि म्हणाले, "कळत नाही गं. अजून एक चमचा दे."