नदीकाठच्या डेअरीची बाटली

प्रिय बाटलीवेडे,

गावातल्या सगळ्या डेअऱ्यांच्या जुन्या काचेच्या बाटल्या तुझ्या फळीवर आल्या, नदीकाठच्या डेअरीचीच तेवढी राहिली, म्हणून तोंड पाडून गेलीस ना? सापडली! जाड ओठाची, हिरवट काचेची, पोटावर उठावाची गाय. बदल्यात मला तुझा एक होकार हवाय, पण आधी ऐकून घे. बाटली आपल्या जुन्या दूधवाल्याकडे होती. हे पत्रही तोच लिहून देतोय. मी बोलते धावत, त्याचा हात आपला रांगतोय.

बाकीच्या बायका रिकाम्या बाटलीत चिठ्ठी खोचून दारात ठेवायच्या. मला कुठलं लिहिता येतंय? मी बाटली उलटी ठेवली की उद्या दूध नको, चमचा उभा केला की पाहुणे आलेत, जास्त दे. एकदा तुझ्या बापाने खेळताना तीत झाडूच्या काड्या खोचल्या, तर हा बिचारा दार वाजवून, वहिनी, याचा अर्थ काय लावू, म्हणून विचारत उभा! तुझे आजोबा होते तेव्हा, हसून लोळले. वेडंवाकडं मनात आणू नकोस. तेव्हा तो नुसतं दूधच द्यायचा.

डेअरी बंद पडली तेव्हा आमच्या दारातली शेवटची बाटली त्याने परत केलीच नाही. खिडकीत ठेवून तीत वेल लावला. ते कळल्यापासून मी रोज संध्याकाळी ती मागायला जाते. तो चहा करतो, अगदी पाणचट. मी नावं ठेवते आणि दोन कप पिते. तुझी आई विचारते, मिळाली का? मी म्हणते, म्हातारा महाहट्टी. हे वाक्य लिहिताना आत्ता त्याने नाक मुरडलं.

परवा मात्र त्याने वेल कुंडीत लावला आणि धुतलेली बाटली माझ्या हातात ठेवली. मला आनंद व्हायचा, तर जीव खट्टू झाला. बोलून गेले, आता उद्या कोणत्या निमित्ताने येऊ? तो म्हणाला, मग राहायलाच या. म्हणजे रीतसर लग्न करून, असं म्हणतोय तो, पोरी. मला जायचंय. तुझ्या बापाला सांगायची छाती होत नाही, आणि तू नाही म्हणालीस तर माझा पाय निघायचा नाही. उत्तर लिहू नकोस. वाचणार हाच, आपल्या सोयीचं वाचेल. तूच ये, आणि माझ्या तोंडावर काय ते सांग.

तुझीच,
या वयात लाजायला लागलेली आजी