स्लोचा स्क्रू

४ तारीख, सोमवार

ट्रक थरथरतोय. पळताना ठीक. हळू केला की लागलाच — हुडहुडी भरल्यासारखा! नात म्हणते, "जुना झालाय गं आजी." मी पण जुनी झालेय. मी थरथरते का?

मुलगा पाठ मोडून खाटेवर. अंगावर फळ्यांची थप्पी पडली, डॉक्टरने तीन महिने हलायचं नाही म्हणून सांगितलंय. तेव्हापासून, आठवडा झाला, ट्रक नात चालवते. डोंगरावरच्या लाकडाच्या कारखान्यात फळ्या भरायच्या, नऊ वळणं उतरून गावात द्यायच्या. लायसन आहे, अक्कल आहे. बापाने पडल्या पडल्या सोडलेल्या सूचना ऐकत नाही, तेवढं बरंय.

वळणावर हळू करावाच लागतो. तिथेच बंद पडला तर? हे वहीतच लिहिते. तोंडाने बोलायची नाही.

५ तारीख

ढापण्या फिटर आला. प्लग काढले. एक काळा निघाला, घासला. फरक नाही. मग कार्बोरेटर उघडून पेट्रोलने धुतला. चष्मा पुसत म्हणतो, "मावशी, आता घड्याळासारखा चालेल." चालवला. घड्याळ खोकतंय ते खोकतंयच.

"टाकीत कचरा असेल."

तुझ्या डोक्यात आहे कचरा, म्हटलं. हसला मेला.

७ तारीख

ह्याच ट्रकात नवऱ्याच्या शेजारी सतरा वर्षं काढली मी. पाने दे, चाकाला दगड लाव. अक्षरंसुद्धा सुट्या भागांच्या खोक्यांवरून शिकले. पेट्रोल खराब मिळालं की तो स्लोचा स्क्रू पिळायचा. मग पाय काढला तरी इंजिन जरा जोरात चालतं, बंद पडत नाही.

आज मीच बोनेट उघडलं. अर्धा फेरा दिला. थरथर गायब! ढापण्या दिवसभर खटपटला, मला चहा उकळेपर्यंतचा वेळ पुरला. नात म्हणाली, "आजी, तू गॅरेज टाक." ढापण्याला बोलावून मुद्दाम ऐकवला आवाज.

८ तारीख

झोप छान लागली.

११ तारीख, सोमवार

सकाळी नात निघाली. फाटकाशी कुत्रं आडवं आलं, तिने ब्रेक दाबला. इंजिन एकदम बसल्यासारखं झालं. ब्रेक सोडला, परत नीट. आणि दाबला तेव्हा तिच्या पायाशी आवाज — सुस्स्स् — सायकलची हवा जावी तसा. कुत्र्याला शिव्या घालून मी फाटक लावलं, भांडी घासायला बसले. अर्धी घासली आणि हात थांबले.

रोग इंजिनला नाहीच!

ब्रेकच्या पुढे एक गोल डबा असतो. इंजिनकडून त्याला रबरी पाइप जातो. इंजिन त्यातली हवा ओढतं आणि त्या ओढीने ब्रेकला जोर मिळतो, नाहीतर एवढा भरलेला ट्रक माणसाच्या एका पायाने थांबतोय थोडाच! डब्यातला रबरी पडदा फाटला की इंजिन तिथून फुकटची हवा पितं. जोरात पळताना पचते. हळू चालताना पचत नाही, म्हणून थरथर. म्हणजे आठवडाभर इंजिन ओरडून सांगत होतं — ब्रेक जातोय, ब्रेक जातोय! आणि मी शहाणीने काय केलं? त्याचं तोंड दाबलं. वर स्लो वाढवून ठेवला. आता पाय काढला तरी ट्रक पुढेच रेटणार. उतारावर.

मुलाला सांगितलं. "आई, इंजिनचा आणि ब्रेकचा काय संबंध?" सांगितला संबंध. तोंड पांढरंफटक पडलं. उठायला गेला, ओरडून परत आडवा झाला.

साडेदहा

नातीचा फोन डोंगरात लागत नाही. कारखान्यात लावला. कारकून म्हणतो, "आत्ताच निघाली की! का, काही विसरली?"

ढापण्याला गाठलं. अर्धं ऐकलं आणि मोटारसायकलला किक मारून वर गेला. चष्मा पुसायला थांबला नाही. त्यानेच मला जास्त भीती वाटली.

साडेअकरा

पाऊण तासाचा रस्ता. यायला हवी होती.

लिहितेय, कारण हातात दुसरं काही ठरत नाही. दोन कप फुटले. मुलगा मिनिटामिनिटाला विचारतो, "आवाज आला?" खेकसले त्याच्यावर. मग तो भिंतीकडे तोंड करून पडला. खांदे हलताना दिसले.

ढापण्याचाही फोन नाही.

पावणेबारा

फाटकापर्यंत तीनदा जाऊन आले. अर्धा फेरा — माझ्या ह्या हाताने!

साडेबारा

आली! पुढे ढापण्या, मागे ट्रक, पहिल्या गिअरमध्ये कण्हत कण्हत. नात उतरली. "काय झालं? सगळे असे काय बघताय?"

"एवढा उशीर का गं, भवाने?" मी म्हटलं. दुसरं काही तोंडात आलंच नाही. तिचा दंड धरला तो जेवायला बसेपर्यंत सोडला नाही. "आजी, दुखतंय," म्हणाली. दुखू दे.

ढापण्याने स्क्रू परत फिरवून स्लो खाली आणला. थरथर हजर. मग तो रबरी पाइप पकडीने चिमटला. इंजिन गुळगुळीत! सोडला — थरथर. चारदा करून बघितलं.

१३ तारीख

नवा डबा बसला. नातीने ब्रेक दाबला. "एवढा हलका असतो?"

पंधरा दिवस वळणावळणावर दोन्ही पायांनी, सीटवरून उठून दाबत होती! सोमवारी दोन पायही पुरेनात म्हणून पहिला गिअर. तिला वाटलं, आपल्याच पायात जोर नाही.

"मग मला का नाही बोललीस?"

"तू हसली असतीस."

हसलेच असते.