जावयाचं पांघरूण

ता. ४ जून

प्रिय वर्ना विहीणबाईंस, आयरिसचा स. न. वि. वि.

तुरुंगात आपल्या माणसांचं मन सांभाळायची नोकरी तुम्हाला लागल्याचं कळलं. गळ्यात ओळखपत्र आलं, आता आमच्या निखाऱ्यातली कांगारूची शेपटी तुम्हाला कशाला गोड लागेल! इथं थंडी कडाक्याची आहे. कुत्री राखेत झोपतात.

काळजी माझ्या लिंडनची आहे, तुमच्याच तुरुंगात आहे तो. खटला अजून उभा राहिलेला नाही, आणि बापाच्या मातीलाही पोराला सोडलं नाही. तेव्हापासून तो धड जेवत नाही. फोनवर नुसता श्वास ऐकू येतो. तिथं आपली भाषा बोलणाऱ्या तुम्ही एकट्याच. आपल्या रीतीत सासू-जावयानं एकमेकांचं तोंड बघायचं नाही, बोलायचं नाही, हे मला का ठाऊक नाही? तरी जा. दोष लागला तर मला लागो.

कळावे. लोभ आहे तसाच राहू द्या, एवढं मागते.

तुमची,
आयरिस

ता. १९ जून

प्रिय आयरिस विहीणबाईंस, स. न. वि. वि.

टोमणे पुरे, शेपटी राखून ठेवा.

आधी मी वरच्या बाईंना म्हटलं, माझ्याऐवजी त्याच्या मामाला आत सोडा. मामावर तरुणपणीची केस आहे, म्हणून नाही म्हणाल्या. दुसरा पुरुष द्या म्हटलं, तर ती जागाच मंजूर नाही. तुम्ही दोघं एकाच गावची, मग अडचण कसली, असं वर मलाच विचारलं.

शेवटी गेले. त्याच्याकडे पाठ करून बसले आणि भिंतीलाच सगळं सांगितलं. बापाची माती कशी झाली, कोण कोण आलं, तुम्ही केस कसे कापलेत. लिंडननं आवाज ओळखला आणि शहाण्या जावयानं करावं तेच केलं. पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं, सळसळीवरूनच कळलं मला. आतून हुंदके ऐकू आले. बाप गेल्यापासून पोरगा पहिल्यांदा रडत होता. मला बरं वाटलं, खरं सांगते, अभिमान वाटला.

कॅमेऱ्यावर बसलेल्याला वाटलं, पोरगा गळफास घेतोय. चौघे धावत आले. मी ओरडले, "तो माझा मान राखतोय." कुणी ऐकलं नाही. पांघरूण नेलं, कपडे नेले, फाटत नाही असला एक झगा चढवला आणि त्याला काचेच्या कोठडीत ठेवलं. तिथला दिवा कधी विझत नाही.

पुढच्या आठवड्यापासून मी काचेकडे तोंड करून त्याच्यावर लक्ष ठेवायचं, असा हुकूम आहे. गेले, तर त्याच्याजवळ तोंड झाकायला चिंधीसुद्धा नाही. नाही गेले, तर आपलं असं कुणीच नाही. माझी मती चालत नाही, तुम्हीच सांगा.

राग धरू नका, माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
वर्ना

ता. २३ जून

वर्ना विहीणबाईंस, स. न. वि. वि.

राग नाही. तो रडला हे वाचून मी दोन घास खाल्ले.

पण आता जाऊ नका. तशा अवस्थेत त्याला सासूसमोर बसवलं, तर पोरगा तिथून जिवंत परतला तरी गावात मान वर करायचा नाही. हे पत्र तुम्हाला वेळेत मिळो.

मग त्याच्याजवळ कोण, हे मात्र मला विचारू नका.

माझ्यावरचा सगळा लोभ त्याच्या वाट्याला घाला.

आयरिस